ज्येष्ठांच्या गोळ्या आणि फॅमिली डॉक्टर

नौपाड्याची सून: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'म्हातारपणी फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर शंका घेणं हा कृतघ्नपणा.' डोकंच उठलं. सासूबाईंना चक्कर यायची म्हणून सिनारिझिन सुरू झालं, ते कुणी थांबवलंच नाही. पुढे हात थरथरायला लागले, तर त्याच डॉक्टरांनी पार्किन्सनची गोळी जोडली! वृद्धांना सिनारिझिनमुळेच असा कंप येऊ शकतो, हे न्यूरोवाल्यांनी सांगितलं. त्यांनी ते बंद केल्यावर हळूहळू थरथर गेली. वृद्धांना काय देणं टाळावं याची बीअर्स यादी १९९१पासून आहे, २०२३मध्ये पुन्हा सुधारली. कुणी उघडून बघतं का?

घोडबंदरचे आजोबा: तुमची यादी रात्री दोनला घरी येते का? आमचे डॉक्टर येतात. चार स्पेशालिस्ट चार चिठ्ठ्या देतात, तो गुंता तेच सोडवतात.

नेरुळ केमिस्ट: सोडवतात कुठे! बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, मग सुजेवर लघवीची गोळी. रोज बघतो. पण गोळी कमी केली की पेशंटच म्हणतो, डॉक्टर बदलू.

ऐरोलीकर: मुळात तो डॉक्टर एमबीबीएस आहे का ते विचारा. आमच्या गल्लीत सगळे बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीवाले, आणि लिहितात अ‍ॅलोपॅथी.

कोपरखैरणे क्लिनिक: मी बीएचएमएस. २०१४मध्ये कायदा बदलला, त्यानुसार आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केलाय. आणि गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक देऊन किडनीची वाट लावणारे कोण असतात, ते एकदा बघा.

ऐरोलीकर: एका वर्षाच्या कोर्सात अख्खं औषधशास्त्र? वा!

कोपरखैरणे क्लिनिक: रात्री ताप आला की माझंच दार वाजवता ना? तेव्हा पाटी वाचत नाही कुणी.

नौपाड्याची सून: अहो, सासूबाईंचे डॉक्टर एमडी आहेत! पदव्यांवर कुठे घसरलात?

घोडबंदरचे आजोबा: बरं बाई, नेतो सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखवायला. झोपेच्या गोळीला मात्र कुणी हात लावायचा नाही.

नेरुळ केमिस्ट: अल्प्राझोलाम ना? काका, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो तो त्यानेच. पण रागाच्या भरात एकदम सोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवा.

घोडबंदरचे आजोबा: तोल जातो हे तुम्हाला कोणी सांगितलं? सुनेने?

ऐरोलीकर: कोर्सचं उत्तर अजून आलेलं नाही.

कोपरखैरणे क्लिनिक: ओपीडी चालू आहे. रात्री देतो.