अनुभव धागा: भाकर, वरण आणि बोअरचं पाणी – आपल्या स्वयंपाकाला भांडी कुठली घ्यावीत?

मोंढा नाका
लग्नसराईत भांड्यांचे सेट घेतले जातात आणि त्यातली निम्मी भांडी माळ्यावर जाऊन बसतात. सेट बनवणाऱ्याला आपली भाकर माहीत नसते, अंबाडी माहीत नसते आणि बोअरचं जड पाणी तर नाहीच नाही. म्हणून हा धागा. नुसतं 'छान आहे' नको. जाडी, माप, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

बालाघाट
सुरुवात तव्यापासून. ज्वारीच्या भाकरीला लोखंडी पत्र्याचा, किंचित खोलगट, 11-12 इंची तवा घ्या. पत्रा 3 मिमीच्या खाली नको. पातळ तवा भाकर टाकली की एकदम गार होतो, आणि भाकर चिकटते ती तिथंच. नव्या तव्यावर कारखान्याचं तेल असतं. राख किंवा भांड्याच्या पावडरीनं घासा, गरम करा, पुसा, असं दोन-तीनदा.
तवा तापलाय का ते पाण्याच्या थेंबावर कळतं: नुसता चर्र करून बसला तर थांबा, गोळी होऊन पळाला तर टाका. पिठाची बाजू वर ठेवून भाकर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी दिसेनासं होतंय पण ओल आहे, तेवढ्यात उलटायची. आधी उलटली तर पाण्याची बाजू तव्याला धरते, उशीर झाला तर चिरा पडतात आणि मग ती फुगत नाही, कारण वाफ चिरांतून निघून जाते. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, तिथं तव्याला दोष देऊ नका, पीठ उकळत्या पाण्यात मळा.
आणि धपाट्यांचा तवा वेगळा. भाकरीचा तवा कोरडा लागतो. तेल मुरलेल्या तव्यावर कडक आचेत नुसता धूर होतो.

गोदाकाठ
नॉनस्टिकवर भाकर करायलेत त्यांच्यासाठी: तो लेप साधारण 260 अंशांच्या वर बिघडायला लागतो. भाकरीसाठी रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवला की तिथवर जायला वेळ लागत नाही. अंड्याच्या पोळीला ठेवा, मंद आचेवर.

करडई
बिडाचा तवा किंवा कढई घेत असाल तर तेल मुरवायला करडईचं घाणीचं तेल वापरा. इकडं सहज मिळतं आणि काम चोख करतं. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं आहेत. तापल्यावर त्यांचा कडक थर बनतो. शेंगदाण्याचं तेल त्या मानानं चिकट राहतं.
कृती: धुऊन पूर्ण कोरडं करा, गरम असताना अर्धा चमचा तेल चोळा आणि मग सुती फडक्यानं सगळं पुसून काढा, जणू तेल चुकून लागलं होतं. धूर निघेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. चार-पाच वेळा. तेल जास्त राहिलं की गुळासारखा चिकट थर बसतो, तो मग घासूनच काढावा लागतो. अंबाडी, चिंचेची आमटी बिडात नको: थरही जातो, भाजीही काळी पडते. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर तडकतं, आणि त्याला डाग देऊन जोडत बसण्यात अर्थ नाही.

कुकरची शिट्टी
चार-पाच माणसांना 5 लिटर. एरवी दोन तृतीयांश, डाळ-उसळीला निम्म्याच्या वर भरू नका. तुरीचा फेस आणि सालपटं नळीत अडकतात. झाकण लावायच्या आधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. दोन सेकंदांचं काम आहे. रबर ताठ झालं, कडेनं वाफ गळायली, की बदला.
डाळ शिजत नाही म्हणून कुकर बदलणाऱ्यांनी आधी पाणी बदलून बघावं. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळं दाण्याची भिंत सुटत नाही. डाळीपुरतं गोडं पाणी घ्या. तेही नसेल तर चिमूटभर सोडा, जास्त टाकला तर चव जाते. ॲल्युमिनियमचा कुकर डब्याखालच्या पाण्यानं काळा पडतो, त्यात लिंबाची पिळलेली फोड टाका.

माळरान
स्टीलबद्दल. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, 'चिकटत नाही म्हणजे अस्सल'. यातून काही सिद्ध होत नाही. 304 या प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, तसं स्वस्तातल्या 202 प्रतीलाही नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. 202 मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून डाग लवकर. भांड्यावर कोरलेला आकडा आणि आयएसआय खूण बघा.
भगुन्याच्या तळाशी बारीक खड्डे पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा मीठ. गार पाण्यात टाकलं की खडे तळाशी बसतात. उकळी आल्यावर टाका. पांढरा थर चढला तर लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, दहा मिनिटं उकळा.

मोंढा नाका
इंडक्शनचं कुणी सांगेल का? आणि पितळेचं?

माळरान
इंडक्शनला उलटं: तिथं तळाला चुंबक चिकटलंच पाहिजे आणि तळ सपाट हवा. खोलगट तवा गेला.

कल्हई
पितळेच्या भगुन्यात वरण छान होतं, पण कल्हई शाबूत असेल तरच. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा थर, आणि कथील 232 अंशांना वितळतं. रिकामं भांडं आचेवर विसरलं की कल्हईचे थेंब होऊन गोळा होतात. म्हणून फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. आतून तारेच्या घासणीनं घासू नका. पिवळं दिसायला लागलं की आंबट बंद, ताक-चिंच काही नाही, आणि भांडं कल्हईला टाका. कल्हईवाल्याची कांडी वाकवून बघा: शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं. शिशाची भेसळ भरपूर असेल तर आवाज येत नाही.

गोदाकाठ
खलबत्ता राहिला. दगडी नवा असेल तर मूठभर तांदूळ आणि खडेमीठ टाकून कुटा, करडं झालेलं पीठ फेका, पांढरं निघेपर्यंत पुन्हा. दाण्याची चटणी मिक्सरमध्ये करायचीच असेल तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवली की दाणे तापून तेल सुटतं आणि गोळा होतो.