डच आजी, राणीचा पदत्याग आणि टिटवीचे पहिले अंडे

फ्रीसलंडची सून

नेदरलँड्सच्या आठवडाभराच्या सहलीवर लिहिलेला एक लेख सध्या मराठी मंडळींत फिरतो आहे. लेखकांच्या यजमानांशेजारी एक वृद्ध डच बाई राहतात. त्या एकट्या आहेत, मुले आधी वेळ ठरवल्याशिवाय फिरकत नाहीत, बोलायला कोणी नाही म्हणून त्या दिवसभर खिडकीतून पक्षी पाहतात आणि २०१३ मध्ये राणी पायउतार झाली तेव्हा त्या टीव्हीसमोर बसून रडल्या, एवढ्या माहितीवर लेखकांनी निकाल दिला आहे की तिकडची समृद्धी पोकळ आहे, म्हातारी माणसे राजघराण्यालाच कुटुंब मानून त्याच्या गुलामीत दिवस काढतात आणि आपल्या आज्या त्यांच्यापेक्षा भाग्यवान आहेत. मी अशाच एका आजीची सून असल्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

माझ्या सासूबाई नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात स्नेक शहराजवळच्या एका गावात राहतात. त्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे पायउतार झालेल्या राणी बेआट्रिक्स यांच्याच वर्षाचा. सासरे गेल्यापासून त्या एकट्या आहेत हे खरे. पण एकटे राहणे निराळे आणि टाकून दिले जाणे निराळे. सकाळी दहाला त्यांच्याकडे कॉफी असते आणि त्या वेळी गावातले कोणी ना कोणी टेबलाशी असतेच. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, म्हणून तो दिवस नातवंडांचा. त्या दिवशी त्यांना दुसरे काम सांगण्याची आमची कोणाची हिंमत नाही. तिथल्या रीतीप्रमाणे शौचालयाच्या भिंतीवर सर्वांच्या वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यात पुण्याच्या माझ्या मावशीचीही तारीख आहे आणि सासूबाईंचे शुभेच्छापत्र मावशीला माझ्या फोनच्या आधी मिळालेले असते. आम्ही वेळ ठरवून जातो, कारण त्यांची गायनवृंदाची तालीम असते, सायकलवरून बाजार असतो, आजारी मैत्रिणीकडची फेरी असते. म्हातारीला वेळ असणारच असे गृहीत धरून केव्हाही दार ठोठावण्यात कोणता आदर आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

आता त्या अश्रूंबद्दल. ३० एप्रिल २०१३ रोजी मी त्यांच्या शेजारी बसले होते. आम्सटर्डॅमच्या दाम चौकातील राजवाड्यात बेआट्रिक्स यांनी पदत्यागाच्या दस्तऐवजावर सही केली आणि त्या क्षणापासून त्या राणी राहिल्या नाहीत. नंतर शेजारच्या न्यूवे कर्क या चर्चमध्ये त्यांचे थोरले चिरंजीव विलेम-अलेक्झांडर यांनी संसदेसमोर राज्यघटनेची शपथ घेतली. मुकुट टेबलावर ठेवलेला होता आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, कारण तिथे मुकुट कोणाच्या डोक्यावर चढवत नाहीत. ज्या बाईचा मधला मुलगा, फ्रिसो, ऑस्ट्रियातील हिमस्खलनानंतर वर्षाहून अधिक काळ बेशुद्धावस्थेत होता, ती बाई पंच्याहत्तरीला ताठ मानेने उठून आपली खुर्ची थोरल्याला देते, हे पाहून सासूबाईंचे डोळे भरले. त्याच वसंतात त्यांनी स्वतःच्या हिशेबाची वही मुलीच्या हाती दिली होती. शिवाय हा राजा त्यांनी पोरवयात पाहिलेला. १९८६ साली फ्रीसलंडच्या अकरा शहरांतून जाणाऱ्या सुमारे २०० किलोमीटरच्या बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीत तो टोपणनावाने उतरला होता आणि गावाजवळच्या कालव्यावरून गेला होता. ही शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही, कारण तेवढा जाड बर्फच धरत नाही. या सगळ्याला गुलामी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

गणराज्यवादी

ताई, आपल्या सासूबाईंविषयी मला पूर्ण आदर आहे. मात्र आपण वर्णन केलेला सोहळा अर्धाच आहे. त्याच दिवशी त्याच दाम चौकात राजेशाहीला विरोध करणाऱ्या दोघांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि ते चुकीचे होते असे नंतर पोलिसांनाच मान्य करावे लागले. १९८० मध्ये बेआट्रिक्स यांच्या आई, राणी यूलियाना यांनी पद सोडले त्या दिवशी तर आम्सटर्डॅममध्ये दंगल उसळली होती, कारण तरुणांना राहायला घरे नव्हती आणि ‘घर नाही तर मुकुट नाही’ हीच त्यांची घोषणा होती. मी हेगमध्ये राहतो, कर भरतो आणि राजाचे वेतन करमुक्त असते ही गोष्ट मला दरवर्षी खुपते.

पण माझा खरा आक्षेप आजीशीच संबंधित आहे. एप्रिलमध्ये जिच्या डोळ्यांत पाणी आले, तिला त्याच राजाने १७ सप्टेंबर २०१३ च्या पहिल्या अभिभाषणात काय सांगितले? कल्याणकारी राज्याची जागा हळूहळू सहभागाचा समाज घेत आहे, ज्याला जमेल त्याने स्वतःची व आपल्या माणसांची जबाबदारी उचलावी. त्या धोरणाने वृद्धाश्रमांची दारे हलकी मदत लागणाऱ्यांसाठी बंद होत गेली. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि त्यांनी आधीच हेरून ठेवलेला आश्रम बंद पडला. पुढची वर्षे त्यांनी एकट्याने जिना चढण्यात काढली. त्यांच्या मुलीने नोकरीचे दिवस कमी केले, तिचे निवृत्तिवेतन त्यामुळे घटणार आहे, आणि हा हिशेब कोणत्याही सोहळ्यात वाचून दाखवला जात नाही.

फ्रीसलंडची सून

अभिभाषण सरकार लिहिते, राजा वाचतो. मंत्री जबाबदार असतात, राजा नव्हे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. २०१२ पासून तर मंत्रिमंडळ बनवण्याच्या प्रक्रियेतूनही राजाला वगळले आहे. निवडून दिलेल्या सरकारने केलेल्या कपातीचा राग मुकुटावर काढला, तर ज्यांनी कपात केली ते सुटतात. धोरण वाईट होते एवढे मी मान्य करते. मुलींच्या नोकऱ्यांवर त्याचा भार पडला हेही मला मान्य आहे, कारण आमच्या घरी तो माझ्या नणंदेवर पडला.

नाशिकची लेक

दोघांनाही एक विचारायचे आहे. वेळ ठरवून जाण्याचे एवढे समर्थन चालले आहे, पण रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर वेळ कोणाकडून ठरवून घ्यायची? माझी आजी नाशकात आमच्या चुलत्यांकडे भरल्या घरात गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी रात्री कोणी नव्हते असे झाले नाही. हे मला कोणत्याही निवृत्तिवेतनापेक्षा मोठे वाटते.

गणराज्यवादी

आणि त्या उशाशी रात्री जागणाऱ्या बहुतेक सुनाच होत्या, असा माझा अंदाज आहे. त्यांना कोणी विचारले होते का?

नाशिकची लेक

माझी काकू जागत होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. हे मी लपवणार नाही. पण आजी एकटी मेली नाही, हेही आपण दृष्टीआड करू नका.

पाणथळ

मूळ वाद बाजूला सारतो असे कोणाला वाटल्यास क्षमस्व, परंतु त्या लेखातील ‘बोलायला कोणी नाही म्हणून पक्षी पाहते’ या वाक्याने माझी झोप उडाली आहे. जानेवारीच्या शेवटी त्या देशात घराघरांतून बागेतल्या पक्ष्यांची गणना होते आणि त्या नोंदींचा अभ्यासकांना उपयोग होतो. पक्षी पाहणे हे एकाकीपणाचे लक्षण कधीपासून झाले? फ्रीसलंडच्या सूनबाईंनी याचे उत्तर द्यायला हवे होते. त्यांनी ते न देता शर्यतीची गोष्ट सांगितली.

फ्रीसलंडची सून

उत्तर देते. सासूबाई मार्चमध्ये खिडकीशी बसतात ते मागच्या कुरणात टिटव्या आल्या की नाही हे पाहण्यासाठी. माझे सासरे अंडी शोधणाऱ्यांपैकी होते. हातात लांब काठी घेऊन चर ओलांडत, पक्ष्याच्या उडण्यावरून घरटे ओळखत. वर्षातले पहिले अंडे सापडले की प्रांतभर बातमी होई. पूर्वी ते अंडे राणीला नजर केले जात असे, पुढे प्रांतातील राणीच्या आयुक्तांकडे जाऊ लागले. त्या पदाचे नावही ३० एप्रिल २०१३ ला बदलून राजाचे आयुक्त असे झाले. आपल्याकडे टिटवी रात्री ओरडली की घरात अपशकुनाची कुजबुज होते. तिथे तिथल्या जातीच्या टिटवीच्या हाकेने वसंत सुरू होतो. सासूबाईंच्या आयुष्यात पक्षी आणि राणी ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत.

पाणथळ

म्हणजे आपण अंडी चोरण्याच्या प्रथेचे गौरवीकरण करत आहात. नेदरलँड्समधील कुरणपक्षी संपत चालले आहेत. काळ्या शेपटीचा गॉडविट, ज्याला लोकांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडले, त्याच्या जोड्या १९६० च्या दशकात लाखाहून अधिक होत्या. आज त्या एक तृतीयांशही उरलेल्या नाहीत. टिटवीचीही घसरण चालू आहे. अशा वेळी राणीच्या ताटात अंडे जाण्याची आठवण काढून डोळे पुसणे मला क्लेशकारक वाटते. याच जातीचे गॉडविट हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरतात. ते डच कुरणांतले नव्हेत, तरी ज्याने तो थवा उठताना पाहिला आहे त्याला हे वाचून राग येईलच.

फ्रीसलंडची सून

चोरी हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ज्या माणसाने घरट्यांवर काठ्या रोवून शेतकऱ्याला ट्रॅक्टर वळवायला लावला, त्याला चोर म्हणणे मी ऐकून घेणार नाही. अंडी उचलण्याचा हंगाम संपला की हेच लोक कुरणे पालथी घालून घरटी वाचवत. गेल्या काही वर्षांपासून अंडी उचलता येत नाहीत, पहिले अंडे केवळ शोधून जागेवरच ठेवतात, तरीही पक्षी कमीच होत आहेत. मग दोष काठीवाल्या म्हाताऱ्यांचा कसा?

पाणथळ

शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. पहिली अंडी उचलली तरी टिटवी पुन्हा घालते, हा शोधणाऱ्यांचा जुना युक्तिवाद होता. कापणी उशिरा होत असे तेव्हा तो एक वेळ खपून गेला असेल. आता गवत लवकर कापले जाते आणि दुसऱ्या खेपेची पिल्ले नेमकी यंत्राखाली येतात. जगण्याची खरी संधी असते ती पहिल्या खेपेलाच. घरटी वाचवणाऱ्यांचे काम मोलाचे आहे, हे मी नाइलाजाने नव्हे तर मनापासून लिहितो. पण केवळ घरटे वाचून भागत नाही. पिल्लांना किडे लागतात, किड्यांना रानफुलांचे गवत लागते आणि आज त्या कुरणांत एकाच जातीचे गर्द हिरवे गवत उभे असते.

दुग्धतंत्रज्ञ

आता शेतकऱ्यालाही बोलू द्या. मी या देशात दुग्धव्यवसायातच काम करतो आणि रोज गोठ्यात जातो. असे गवत वाढवण्यासाठी कुरणे सुकवून भूजलाची पातळी खाली नेली ती शेतकऱ्याने एकट्याने नाही. पाण्याची पातळी सांभाळणारी जलमंडळे, कर्ज देणाऱ्या बँका आणि सरकार यांनी अनेक दशके हेच सांगितले की जमीन सुकवा, यंत्र आणा, गायी वाढवा. मग २९ मे २०१९ रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन प्रदूषणाविषयीची योजना (हा नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर गुरांच्या शेण-मूत्रातून येतो) रद्द ठरवली आणि एका दिवसात सगळा दोष गोठ्यावर आला. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर निषेधासाठी संसद असलेल्या हेगला गेले, २०२२ मध्ये गावोगाव निषेध म्हणून राष्ट्रध्वज उलटे टांगले गेले. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी आजींनी आयुष्यभर राजदिनाला राजघराण्याच्या नारिंगी रंगाची पताका लावली, आणि त्याच बाईने त्या उन्हाळ्यात ध्वज उलटा बांधला. सहलीला आलेल्या लेखकाला ही आजी दिसली नाही, आणि येथेही तिच्याविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही.

गणराज्यवादी

राजा आणि निसर्ग यांचा संबंध काढायचाच असेल, तर हेट लोच्या राजवनाचे नाव घ्या. दहा हजार हेक्टरांहून मोठे हे जंगल, ज्याच्या देखभालीला सार्वजनिक पैसा जातो, ते अनेक वर्षे सप्टेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत सामान्य लोकांना बंद असे, कारण त्या काळात राजघराण्याची शिकार चाले. हरणांच्या माजाचा काळ, जंगल सर्वांत देखणे, आणि आजीने नातवंडांना घेऊन कुंपणाबाहेर उभे राहायचे! टिटवीचे अंडे राणीला गेले ते फार तर एक. येथे अख्खे रान गेले.

पाणथळ

या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे, जरी राजेशाही ठेवायची की नाही या वादात मला पडायचे नाही.

फ्रीसलंडची सून

राजवनाचे कुंपण मलाही पटत नाही आणि सासूबाईंनाही पटलेले नाही. त्यांनी त्याविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिले होते. राणीसाठी रडणारी बाई राजाच्या शिकारीविरुद्ध लिहू शकते, हे लक्षात घ्यावे. गणराज्यवादी यांना ही विसंगती वाटेल. मला ती नागरिक असल्याची खूण वाटते.

गणराज्यवादी

ते पत्र मला वाचायला आवडेल. अश्रूंवरून गुलामीचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, एवढे मी मान्य करतो. सहलीवाल्या लेखकांनी तसे लिहायला नको होते. पण आपल्या सासूबाईंचा चांगुलपणा हा राजेशाहीच्या बाजूचा पुरावा होत नाही. अशी बाई प्रजासत्ताकातही अशीच वागली असती आणि तिला राष्ट्राध्यक्ष बदलताही आला असता.

नाशिकची लेक

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. रात्री दोन वाजता काय?

फ्रीसलंडची सून

गळ्यात बटण असते. ते दाबले की मदत केंद्राला आणि शेजारणीला एकाच वेळी कळते. शेजारीण पोचायला काही मिनिटे लागतात आणि आम्हाला तासाभराहून अधिक लागतो. तेवढा तास मला सतावतो, हे तुम्हाला सांगते. म्हणून मी त्यांना आमच्याकडे येऊन राहण्याचा आग्रह केला होता. आमच्या घरामागे कुरण नाही, म्हणून त्यांनी नकार दिला.

दुग्धतंत्रज्ञ

त्या कुरणाचा मालक कापणी केव्हा करतो? जूनच्या मध्यापर्यंत थांबल्यास त्याला भरपाई मिळू शकते, पण अर्ज वेळेत करावा लागतो. त्याला हवे असल्यास मी मदत करतो. पाणथळ यांनी पक्ष्यांच्या नोंदी द्याव्यात.

पाणथळ

देतो. नोंदी कशा ठेवायच्या तेही लिहून पाठवतो. सासूबाईंना मार्चपासून तारखांसह टिपून ठेवायला सांगा. कोणत्या चराकाठी किती जोड्या उतरल्या, तेवढे पुरे आहे.