मदत हवी आहे : विज्ञानपेटी कपाटाबाहेर यावी यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण कसे आखावे?

नमस्कार. पुण्यातील आम्ही सात जण, बहुतेक निवृत्त अभियंते, चार वर्षांपासून भोर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या पाच शाळांत महिन्यातून एकदा जाऊन पाचवी ते आठवीच्या मुलांना प्रयोग दाखवतो. मुलांना मजा येते, पण अडचण वेगळीच आहे.

गेल्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीतून या शाळांना विज्ञानपेट्या, म्हणजे प्रयोगसाहित्याच्या पेट्या, मिळाल्या. जूनमध्ये एका शाळेत पेटी मागितली, तेव्हा ती लोखंडी कपाटात कुलुपात होती. मल्टिमीटरवरचे प्लॅस्टिक तसेच होते आणि सेल पाझरून होल्डरच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी साचली होती. बाईंनी मोकळेपणाने सांगितले, "डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद आहे, सर. काही फुटले तर भरून कोण देणार? शिवाय माझे बी.ए. इतिहासात झाले आहे, मुलांनी पुढचा प्रश्न विचारला तर?" पेट्यांबरोबर प्रशिक्षण झाले नव्हते असे नाही, ते झाले तालुक्याच्या ठिकाणी, एका दिवसात, शंभरावर शिक्षकांसमोर, पडद्यावर.

त्या उत्तराने आमचीही चूक ध्यानात आली. आम्ही प्रयोग करत असू, तेव्हा बाई मागे बसून पोषण आहाराच्या नोंदी पूर्ण करत, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे.

पुण्यात या कामातील जाणकारांची वानवा नाही. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात डेड स्टॉकचा प्रश्नच उद्भवत नाही; आयसर पुणे या विज्ञानसंस्थेतही शिक्षकांसाठी प्रशिक्षणे होतात. खोडदला मुलांना नेऊन तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना दाखवणे त्यामानाने सोपे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मनात असे आहे की, एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहातील, दहा-बारा शिक्षकांचा गट करावा आणि त्यांच्या दर महिन्याच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, जोडून दोन तास, पुढच्या महिन्यात शिकवायच्या पाठातील प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातांनी करावा. आम्ही फक्त मदतीला राहावे, आणि प्रशिक्षक एखाद्या विज्ञानसंस्थेचे असावेत.

असे काम कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे. संस्थेकडे आधी जावे, की गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हातात घेऊनच जावे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यात हे तास धरले जावेत म्हणून कोणती कागदपत्रे लागली? आणि देणगीदाराशी करार करताना तुटफुटीची तरतूद कोणी घालून घेतली असल्यास, त्या कलमाचा मसुदा इथे दिल्यास फार उपकार होतील.