थंड ठेवण्याचा उपचार: आपल्याकडचे आकडे वेगळे

जन्मताच न रडलेल्या बाळाला, मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून, थंड ठेवत नाहीत ते डॉक्टर मागासलेले, असं काहींचं मत आहे; ते पटलं नाही. परदेशात बाळाचं तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर ठेवतात, तिथे फायदाही दिसलाय. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ रुग्णालयांत ४०८ बाळांवर 'हेलिक्स' चाचणी झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आले: थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. वाचलेल्यांचं अपंगत्व धरूनही फायदा काहीच नाही. आपल्याकडे मेंदूला इजा बऱ्याचदा कळा लांबत असतानाच होऊन गेलेली असते, मग थंड करायची वेळ टळलेली असते, असा एक कयास आहे. वाद अजून मिटलेला नाही.

इथे बडोद्यात भाचीच्या बाळाच्या वेळी डॉक्टरांनी हेच समजावलं. ताप चढू दिला नाही, झटक्यांवर औषध दिलं, बस्स. दांडिया बाजारातल्या आजींचा 'मुंबईला न्या' हा धोशा चालूच होता. पुढे फिजिओथेरपी लवकर सुरू केली आणि मान वेळेवर धरली. मालिशवाल्या बाई त्याचं श्रेय अजून स्वतःकडे घेतात, ते वेगळं.