रि: रि: चार्टरला पाठिंब्याचं पत्र (तातडीचं, मंगळवारच्या आत)

माधवी, मराठी शाळा:
नमस्कार मंडळी. मंगळवारी चार्टर शाळेच्या नूतनीकरणावर डिस्ट्रिक्ट बोर्डापुढे सुनावणी आहे. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे शाळा चालवायचा मुदतीचा परवाना, तो हे बोर्ड देतं. त्या शाळेच्या ऑफिसमधून काल परत विचारणा झाली, मंडळाचं पत्र येतंय का? रविवारचे आपले सगळे वर्ग त्यांच्याच इमारतीत भरतात आणि त्यांची चार्टरची मुदत या जूनमध्ये संपते. मसुदा जोडलाय. रात्रीपर्यंत हो किंवा नाही कळवा. नुसतं ‘बघू या’ कुणी लिहू नये.

संजय, खजिनदार:
पत्राला हरकत नाही, लेटरहेडला आहे. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त बिगरनफा संस्था. उद्या आयआरएसने (कर खात्याने) विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल. आणि गेल्या महिन्यात त्यांनी आपलं भाडं वाढवलं त्याचं काय? पाठिंबाही आपणच द्यायचा आणि जास्तीचे पैसेही आपणच मोजायचे?

विद्या:
भाडं वाढणारच होतं. कोविडचा ईएसएसईआर निधी, म्हणजे शाळांना केंद्राची मदत, २०२० पासून तीन टप्प्यांत आला, देशभरात मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर. शेवटच्या टप्प्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आमच्या शाळेतली काउन्सेलर त्याच पैशातून नेमली होती, ती गेली. चार्टरनाही तो निधी मिळालाच, शिवाय काही चार्टर शाळांनी बिगरनफा संस्था म्हणून पीपीपी कर्जं (कोविडमधली, छोट्या उद्योगांसाठीची, माफ होऊ शकणारी) घेतली. डिस्ट्रिक्टच्या शाळांना ती सोय नव्हती. मी याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकवते. मंडळाच्या नावाने पत्र गेलं तर स्टाफरूममध्ये मला तोंड द्यावं लागेल, तुम्हाला नाही.

निखिल:
विद्याताई, पीपीपीचं मान्य. पण कॅलिफोर्नियात पैसा हजेरीवर मिळतो. कोविडनंतर पट घसरला तेव्हा २०२२ च्या बजेटमध्ये डिस्ट्रिक्टना मागच्या तीन वर्षांची सरासरी धरायची मुभा मिळाली. चार्टरना नाही! मुलं कमी झाली की त्याच वर्षी पैसे कमी, इमारतीचं भाडं मात्र तेवढंच. एसबी ७४० या राज्याच्या कायद्यातून भाड्याला मदत मिळते, पण ती सवलतीच्या जेवणाला पात्र, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं निम्म्याहून जास्त असतील तिथे. आपल्या उपनगरात कुठून आणायची ती? खरं तर यांची मुदत २०२२ लाच संपायची. एबी १३० या कायद्याने दोन वर्षं आणि एसबी ११४ ने आणखी एक वर्ष वाढवून दिली. आता पुढे ढकलायला जागा उरली नाही. माझी दोन्ही मुलं तिथे आहेत, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

सुहासकाका:
एसबी, एबी राहू द्या. भाडं वाढलं ते गणपतीत कॅफेटेरियात वडे तळले म्हणून. फायर अलार्म वाजला, बंब आला. मी तेव्हाच म्हटलं होतं, वडे बाहेरून मागवा. लायब्ररीच्या खोलीत शाळा भरायची तेव्हा असले प्रकार होत नव्हते. आणि गेटची किल्ली सध्या कुणाकडे आहे?

माधवी:
काका, अलार्म आरतीच्या कापराने वाजला. आणि जेवणाचं खातं मराठी शाळेकडे नाही, कधीच नव्हतं.
संजय, पालकांमधल्या एका वकीलबाईंना विचारलं. आयआरएस स्कूल बोर्डाला कायदेमंडळ धरत नाही, त्यामुळे असलं पत्र लॉबिंगमध्ये मोडत नाही. निवडणुकीत कुणा उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, तो मात्र नियमच आहे.

संजय:
त्यांनी हे ईमेलवर लिहून द्यावं. आणि मसुद्यातलं ‘मंडळाची शेकडो कुटुंबे’ काढा. यादी माझ्याकडे आहे, वर्गणी किती जणांनी भरली तेही मला ठाऊक आहे.

निखिल:
वर्गणीचा दुवा जानेवारीपासून चालत नाही, दादा.

विद्या:
मधला मार्ग सुचवते. पत्र ‘मराठी शाळेचे पालक’ म्हणून जाऊ दे, साध्या कागदावर. चार्टर चांगली की वाईट यावर एक अक्षर नको. रविवारी वर्गांना जागा मिळते, ती गेली तर मुलांची सोय नाही, एवढंच लिहा. मग मी विरोध करणार नाही. सहीही करणार नाही.

माधवी:
चालेल. सुधारित मसुदा तासाभरात पाठवते. संजय, तुम्ही पालक म्हणून तरी सही कराल ना?

सुहासकाका:
किल्लीचं कुणीच सांगितलं नाही. रविवारी साडेनऊला मी गेटबाहेर ताटकळणार नाही.