मदत हवी: पर्टसिस टॉक्सिन देऊनही पेशी चालतायतच!!

पणजी_पायपीट: अर्जंट आहे. एमएस्सीचं प्रोजेक्ट, गुरुवारी गाइडना डेटा दाखवायचाय. ट्रान्सवेलमध्ये (मधे छिद्रांची चाळणी असलेला कप) खाली केमोकाइन (पेशींना आपल्याकडे ओढणारं प्रोटीन), वर पेशी, आणि पर्टसिस टॉक्सिनने (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष) जी-आय (रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं जी प्रोटीन) बंद करून मायग्रेशन थांबलेलं दाखवायचंय, पण थांबतच नाही, कंट्रोलएवढ्याच पेशी खाली उतरतात. तीनदा केलं. टॉक्सिनच खराब आलंय. ताळगावात कोणाकडे चांगलं असेल तर सांगा, येऊन नेते.

कुळागर: कुठल्या पेशी, कुठलं केमोकाइन, टॉक्सिन किती, किती वेळ? हुमणात मीठ घालायचं विसरायचं आणि शिव्या मासळीवालीला!

पणजी_पायपीट: जर्काट (लॅबमध्ये वाढवलेल्या टी पेशी), केमोकाइन सीएक्ससीएल-१२. टॉक्सिन नेहमीचंच, १०० नॅनोग्रॅम.

आबोली७: मिलीलीटरला ना? आणि वेळेचं परत गाळलंस.

दर्यावर्दी: टॉक्सिनचा नाद सोड, फोर्सकोलिन घाल. सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढलं की टी पेशी गप्प बसतात, आम्ही कायम तेच वापरायचो.

कुळागर: अहो, फोर्सकोलिन थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला, म्हणजे सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला चावी देतं, जी-आयबद्दल त्यातून काय कळणार? तिचा प्रश्नच जी-आयचा आहे.

दर्यावर्दी: कॉलराच्या टॉक्सिनने सायक्लिक एएमपी वाढतं, पर्टसिसनेही वाढतं. शेवटी एकच की.

आबोली७: एकच कसं? कॉलरावालं जी-एसला (सायक्लिक एएमपी वाढवणारं दुसरं जी प्रोटीन) चालूच अडकवून ठेवतं, पर्टसिसवालं जी-आयची रिसेप्टरशी गाठ तोडतं. केमोकाइनच्या दिशेने चालायला जी-आयपासून सुटलेली बीटा-गॅमा जोडी लागते, गाठच तुटली तर ती सुटणार कुठून? सायक्लिक एएमपीचा हिशेब वेगळा.

मांडवीकाठ: मी विज्ञानवाला नाही हां. भाच्याला डांग्या खोकला झाला तेव्हा रक्तात लिम्फोसाइट भरमसाट वाढलेले, घरात सगळे घाबरलो. ते ह्याच टॉक्सिनमुळे का?

आबोली७: हो, हेच. पेशींना रक्तातून लसिकाग्रंथींत शिरता येत नाही, म्हणून रक्तातच तुंबतात.

नोटबुक_हरवलं: ह्यावरून आठवलं, फिंगोलिमोड! मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध, अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालं. तिथे उलटं, लिम्फोसाइट ग्रंथींतच अडकतात, औषध पकडतं तोही जी प्रोटीनवालाच रिसेप्टर. आणि २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना ह्याच रिसेप्टरांसाठी.

पणजी_पायपीट: मला नोबेल नकोय, गुरुवार हवाय!! मिलीलीटरलाच. वेळ १५ मिनिटं, बाकीचे इनहिबिटर तेवढेच ठेवते.

कुळागर: घ्या!! अगो, ते प्रोटीन आहे, छोटा रेणू नव्हे. पेशीला चिकटणार, आत ओढलं जाणार, मग त्याचं एन्झाइम जी-आयपर्यंत पोचणार. ३७ डिग्रीला दोन तास तरी ठेव.

आबोली७: आणि नुसता बी-ऑलिगोमर (टॉक्सिनचा पेशीला चिकटणारा भाग) दिलेला कंट्रोल पण लाव. तो भाग जी-आयला हात लावत नाही पण टी पेशींना स्वतःच डिवचतो. खाली केमोकाइन नसताना किती उतरतात गं?

पणजी_पायपीट: तेही बरेच उतरतात. ते विचारात घ्यायचं असतं का

कुळागर: छिद्र किती मायक्रॉनचं?

पणजी_पायपीट: ८. लॅबमध्ये तेच होते, कोणीतरी कॅन्सर पेशींसाठी आणलेले.

कुळागर: ५ चे आण. मोठ्या छिद्रातून नुसत्याच गळत असतील.

दर्यावर्दी: फोर्सकोलिनला छिद्राचा त्रास नसता.

आबोली७: असता. चाळणी तीच ना?

पणजी_पायपीट: ५ चे बांबोळीच्या मैत्रिणीकडे आहेत, उद्या पहिल्या बशीने जाते. गाइडना १५ मिनिटांचं कोणी बोलू नका, ते इथे वाचतात कधीकधी.