ग्राफिक्स कार्ड घेताना आधी पोर्ट बघावेत की चिप?

खटपट्या:
कार्ड कुठलं घेऊ असं कुणी विचारलं की गाडी थेट व्हीरॅम (कार्डाची मेमरी) आणि एफपीएसवर (सेकंदाला किती चित्रं) जाते. माझं म्हणणं, आधी कार्डाची मागची पट्टी, म्हणजे मॉनिटरची वायर लावायचे पोर्ट बघा. मॉनिटर आपण कार्डापेक्षा जास्त वर्षं वापरतो. तो पूर्ण क्षमतेने चालत नसेल तर चिप तगडी असून काय उपयोग? साधं उदाहरण: १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) ४के टीव्ही आणि एचडीएमआय २.० पोर्ट असलेलं जुनं कार्ड. २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे पूर्ण रंगांत ४के फक्त ६० हर्ट्झला. १२० हवं तर रंगांची माहिती कापून ४:२:० वर, म्हणजे चार पिक्सेलांत मिळून एकच रंग पाठवण्यावर यावं लागतं. मग काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं बघा, कडा फुटलेल्या आणि रंग शेजारी ओघळलेला. त्यावर दिवसभर कोड वाचणं अशक्य.

रात्रपाळी:
असहमत. हा प्रश्न जुन्या कार्डांचा आहे. आजच्या मधल्या आणि वरच्या गटातल्या बहुतेक कार्डांवर एचडीएमआय २.१ आणि दोन-तीन डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरसाठीचा दुसरा प्रचलित पोर्ट) असतातच. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० वर डिस्प्लेपोर्ट १.४ए होता, तरी डीएससीच्या, म्हणजे वायरीतून जाताना चित्र दाबून पाठवणाऱ्या कॉम्प्रेशनच्या जोरावर त्याने ४के २४० हर्ट्झ चालवलं. डोळ्यांना फरक कळत नाही. चिप मात्र नंतर बदलता येत नाही, आणि पोर्ट जुळला नाही तर अ‍ॅडॅप्टर आहेच.

तारतम्य:
'अ‍ॅडॅप्टर आहेच' हे वाक्य फार सहज टाकलंत. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायला बहुधा साधा, स्वस्त अ‍ॅडॅप्टर पुरतो, कारण कार्ड स्वतःच तो सिग्नल देतं. उलट दिशेला, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयवरून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला जायचं तर अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेला जोड लागतो. दिसायला दोन्ही वायरी सारख्याच, म्हणून लोक फसतात. डीव्हीआय या जुन्या पोर्टच्या ड्युअल-लिंक (दुप्पट क्षमतेच्या) प्रकारावर चालणाऱ्या २५६०×१६०० च्या मॉनिटरलाही तेच. आणि व्हीजीए, तो जुना अ‍ॅनालॉग पोर्ट? एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून डीव्हीआयमधली अ‍ॅनालॉग पिनच गेली, तिथे साधा जोड चालतच नाही.

शिवाय एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड बघा. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, विषय संपला. तीन मॉनिटरवाल्याने फक्त चिप बघून ते घेतलं तर तिसरा मॉनिटर लावणार कुठे?

पेंग्विनप्रेमी:
लिनक्सवाल्यांसाठी भर घालतो. एएमडीच्या ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर) एचडीएमआय २.१ आणायचा प्रस्ताव २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने, म्हणजे ते मानक ठरवणाऱ्या संस्थेने नाकारला. तेव्हा लिनक्सवर एएमडी असेल तर डिस्प्लेपोर्ट असलेलाच मॉनिटर घ्या.

रात्रपाळी:
हे तर माझ्याच बाजूचं झालं! खोक्यावर २.१ लिहिलेलं होतं, पोर्टही खरा होता, अडलं ड्रायव्हरवर. पट्टी बघून काय कळलं असतं?

खटपट्या:
पट्टी बघा म्हणजे भोकं मोजा असं नाही. कार्ड, ड्रायव्हर, वायर, मॉनिटर, सगळी साखळी तपासा. 'डिस्प्लेपोर्ट २.१' हेच घ्या. त्या एका नावाखाली ४०, ५४ आणि ८० गिगाबिट असे तीन वेग येतात. एएमडीची आरएक्स ७९०० मालिका ५४ वर थांबते, एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका ८० पर्यंत जाते. खोक्यावर दोघांचंही २.१. ज्याला डीएससीशिवाय ४के २४० हवंय त्याने यूएचबीआरचा (या वेगांच्या श्रेणीचा) आकडा विचारूनच पैसे मोजावेत.

रात्रपाळी:
डीएससीशिवाय हवंय अशी माणसं किती? बऱ्याच जणांकडे १४४०पी (२५६०×१४४०), १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून साधा मॉनिटर असतो. तो डिस्प्लेपोर्ट १.२ वरही चालतो, म्हणजे गेल्या कित्येक वर्षांतलं जवळपास कुठलंही कार्ड चालेल. त्यांना पोर्टचे आकडे पाठ करायला लावून तुम्ही विनाकारण घाबरवताय. त्यांनी चिप बघावी आणि निर्धास्त घ्यावं.

तारतम्य:
त्यांनी घ्यावं की. पण टीव्हीला जोडणारे, तीन पडदे लावणारे आणि जुना चांगला मॉनिटर टाकून न देणारे, यांना तोच सल्ला देऊ नका. धाग्यात कार्ड सुचवण्याआधी 'मॉनिटर कुठला, किती आणि त्याला मागे कुठले पोर्ट' एवढं तरी विचारा.